फाशीविरोधी दाजी

चारचौघांत आम्हाला मान खाली घालायला लावण्याचं काम आमच्या दाजींइतकं मन लावून कुणी केलं नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापुरात वकील. आयुष्यभर चालवले बांधाचे आणि भाडेकरूंचे दावे, पण बोलायचे फाशीवर. सरकारला कुणाचा जीव घ्यायचा अधिकार असताच कामा नये, हे ते घटनेतल्या एकविसाव्या कलमासकट दूधवाल्यालाही ऐकवायचे. आमच्या आईनं चपलेनं झुरळ मारलं की विचारायचे, "आई, त्याचं म्हणणं ऐकून घेतलंत?" आई म्हणायची, "व्हय, वकील नको म्हनालं." गडहिंग्लजला चुलतभावाच्या लग्नात शेजारच्या पानावरचा पाहुणा सहज म्हणाला, "असल्यांना भर चौकात लटकवाय पायजे." दाजींनी हातातली जिलेबी खाली ठेवली आणि असा युक्तिवाद लावला की पुढची पंगत ताटकळली. ताई तोंडाला पदर लावून बसली. मी सरळ पान उचलून दुसऱ्या ओळीत गेले.

मग दहा-बारा वर्षांपूर्वी हुपरीजवळच्या त्यांच्या गावी बांधाच्या भांडणात शेजाऱ्यानं दाजींच्या धाकट्या भावाचा खून केला. खटल्याच्या शेवटी न्यायाधीशांनी जन्मठेप सुनावली आणि काळ्या कोटातले दाजी उभे राहून ओरडले, "फाशी द्या त्याला! फाशीच पायजे!" आरोपीची म्हातारी आई वळून त्यांच्याकडे बघत राहिली. भावकीनं दाजींची पाठ थोपटली. दाजी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस कोर्टात तोंड दाखवीनात.

सरकारनं वरच्या कोर्टात फाशी मागावी, असा अर्ज भावकीला हवा होता. तो लिहायला दाजींनी नकार दिला, तेव्हा भावाची बायको सुमन आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "कोर्टात वरडलासा की, भावजी. आता का लिहीत न्हाईसा?"

"त्याचीच लाज वाटतीय, सुमन."

"आन् चौदा वर्सानं सुटून माझ्या बांधावर हुबा ऱ्हायला तर? तुमचं कलम येनार हाय व्हय मला राखाय?"

सुमन उठून आत गेली.

तेव्हापासून दर रविवारी दाजी एसटीनं तिच्या शेतावर जातात. वकिलाचं पाणी पाजणं ते. निम्मा ऊस कोरडाच राहतो. सुमन बोलत नाही, पण बांधावर चहा ठेवून जाते. दाजी आता सत्तरीला आलेत, बांध चढताना धाप लागते. तो माणूस सुटून येईल तेव्हा दाजी तिथे असतील का, हे मी ताईला विचारत नाही. शनिवारी रात्री ती त्यांच्या भाकरी बांधून ठेवते.