मशीनचा ऑटो मी बंद केला

नांदेडला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. मोटार भरायची म्हणजे जळालेल्या पाणबुडी मोटारीतली जुनी तार काढायची आणि नवी गुंडाळायची. भोकरपासून धर्माबादपर्यंतचे शेतकरी येतात, आणि तीसेक वर्षं मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत आलोय, की स्टार्टरचा ऑटो बंद ठेवा. लाईट आली की ऑटो मोटार आपोआप चालू करतो. बोअरला पाणी आहे की नाही, ते तो बघत नाही. मोटार कोरडी फिरते आणि जळते. लोक हो हो म्हणतात, गावी जाऊन ऑटो चालू करतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच मोटार घेऊन परत येतात. माझं घर त्यांच्या या न ऐकण्यावरच चाललं. तरी राग यायचा तो यायचाच.

झोपेत माझा श्वास थांबतो, हे बायकोने शोधलं. मी घोरत असतो तर गल्लीला कळलं असतं. पण मी गुपचूप झोपायचो आणि गुपचूपच श्वास बंद पडायचा. ती हलवायची, मग मी दचकून हवा ओढायचो. शेवटी तिच्या माहेरी लातूरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं, "तुमचा घसा उघडाच असतो. अडचण वर आहे. श्वास घे, असा हुकूम मेंदू मधूनमधून देतच नाही."

बायकोने हे भावाला फोनवर असं कळवलं, "डोक्यातूनच हुकूम सुटत न्हाई म्हणं. मला तर लगीन झाल्यापासून ठाव हाय."

मग मशीन आलं. उशाशी डबा, त्यातून नळी, नळीला नाकावरचा मास्क. मशीन दाबाने हवा देतं, आणि ठरलेल्या वेळात मी श्वास घेतला नाही तर आपणहून एक श्वास आत ढकलतं. पंधरा दिवसांत मी माणसात आलो. सकाळचं डोकं दुखायचं थांबलं, दुकानात पेंग येईना. सेटिंगला हात लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. श्वास असा थांबत राहिला तर हृदयावर ताण येतो आणि झोपेतच बरंवाईट होऊ शकतं, हेही सांगितलं होतं. मी हो हो म्हणालो.

सहा-सात महिने बरे गेले. बरं वाटायला लागलं की माणसाला खाज सुटते. पहाटे अर्धवट जाग असायची तेव्हा ते मशीन मला नको असताना श्वास ढकलायचं. एरवी हवा कमी पडतेय असं वाटायचं. मिस्त्रीच्या नजरेला दोन दोष सरळ दिसले, दाब कमी आणि ऑटो चालू. मशीनमधला डॉक्टरांसाठीचा सेटिंगचा मेनू कसा उघडतात ते मोबाइलवर बघून ठेवलं होतं. एका रविवारी दुपारी दोन बटणं एकदम दाबून धरली. दाब चार आकडे वाढवला आणि आपोआप श्वास द्यायची सोय बंद करून टाकली. बायको आत शेंगदाणे भाजत होती. तिला सांगायची गरज वाटली नाही.

आठवड्याभरात तीच म्हणाली, "मशीन चालू असतंय, पण तुमचा दम मधीच थांबायलाय. पहिल्यासारखंच व्हायलंय."

"मशीनमधलं तुला काय कळतंय?" मी म्हणालो. "जलमभर मोटारी भरल्या मी."

ती गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा माझा जुना समज आहे.

पेंग परत आली. एकदा भोकरचा एक शेतकरी मोटार न्यायला आला होता. त्याला ऑटोचं नेहमीचं पुराण सांगत होतो आणि सांगता सांगताच मान खाली गेली. त्याने खांद्याला धरून हलवलं आणि म्हणाला, "मिस्त्री, तुम्हीच बंद पडले की हो!" दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. पण चारच दिवसांनी भर दुपारी मोटारसायकल रस्त्याखालच्या मुरमात जाऊन उभी राहिली. मी रस्ता कधी सोडला, ते मला आठवेना. मागून ट्रक धडधडत गेला. त्या दिवशी मी घाबरलो, चांगलाच घाबरलो. तरीही मन त्या दोन बटणांकडे गेलं नाही. दुखणंच वाढलं असणार, असं धरून चाललो. आपली दुरुस्ती चुकली असेल, हे मिस्त्रीला सगळ्यात शेवटी सुचतं.

मशीन पिशवीत घालून आम्ही दोघं एसटीने लातूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"सेटिंग कोणी बदललं? इथे तारीख आहे. दाब वाढवलाय आणि आपोआप श्वास द्यायची सोय बंद केलीय."

मशीन चुगलखोर निघालं. पण त्याने तारीख सांगितली होती, नाव सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "काय की. रोज फडक्यानं पुसती ही. लागला असंल हात."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली मांडीवरच्या रिकाम्या पिशवीकडे.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. जास्त दाबाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, मग मेंदूला श्वासाची गरजच वाटत नाही. अशा वेळी मशीनने श्वास द्यायचा असतो, तर तेच बंद. मग त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. प्रत्येक रात्रीची एक उभी रेघ होती, जितक्या वेळा श्वास थांबला तितकी उंच. त्या तारखेपासून सगळ्या रेघा उंच होत्या. मध्येच तीन ठेंगण्या होत्या.

"या तीन रात्री काय वेगळं केलं? औषध घेतलं का काही?"

मला काहीच माहीत नव्हतं. बायको म्हणाली, "त्या राती ह्यांना कुशीवर वळवलं आन् पाठीला माझी पाठ लावून बसले. उताणं झाले की दम जास्ती थांबतो, हे बघितलं होतं मी. म्हणून होऊ दिलं न्हाई उताणं."

"रात्रभर बसून?"

"हाव."

"सलग तीन रात्री?"

"हाव. चौथ्या रातीला डोळा लागला माझा." मग आवाज खाली गेला. "तिथं चुकलं माझं, बाई."

मला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. चूक माझी होती आणि दोष मी तिच्यावर ढकलला होता. आणि ती माझ्यासमोर, तिसऱ्या माणसापाशी, झोप लागल्याबद्दल माफी मागत होती.

"बटणं मी दाबली," मी म्हणालो. "हिनं न्हाई. हिचा हातबी लागला न्हाई बटणाला."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि दाब खाली आणायला लागल्या. बायकोने तोंडाला पदर लावला. तिला रडू येत होतं का जांभई, मला कळलं नाही, आणि विचारायचं तोंडही मला उरलं नव्हतं.