जुना ट्रॅक्टर घेऊन गेलेली बाई

इस्लामपुरात एका बागायतदाराला आपला जुना, लहान ट्रॅक्टर विकायचा होता. तो घ्यायला मी पोचलो तेव्हा वडूजकडची एक बाई व्यवहार पुरा करून त्यावर बसली होती. काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला. इंजिन चालू करून, मान तिरकी करून ती नुसता आवाज ऐकत होती.

माझा जीव जळला. आमचा ऊस बारमाही पाण्याचा आणि तिची कोरडवाहू माळजमीन. न राहवून मी म्हणालो, "जिराईत रानाला ट्रॅक्टर कशापायी, आक्का?"

"मालक फौजेत हायत, दादा," ती शांतपणे म्हणाली. "औत धराय दुसऱ्याच्या गड्याची वाट बघाय लागती. तवर रानातली ओल उडून जाती. ह्याला मी एकटी बास."

तिनं गिअर टाकला आणि अरुंद फाटकातून ट्रॅक्टर कुठंही न घासता बाहेर काढला.

पुढं मी कोरा ट्रॅक्टर घेतला, तिच्यापेक्षा मोठा. पण तो वळवताना मला धडकी भरायची, म्हणून ड्रायव्हर ठेवला. गावातले लोक माझा हेवा करायचे. मी मात्र बांधावर उभा राहून त्या बाईचा करत राहिलो.