एकशेऐंशी व्होल्टवरचा रॉड

एकाच बाकावर तेवीस वर्षं बसलं की किस्से साठतात. ठरवून कोणी साठवत नाही. बाकाखाली तारेचे तुकडे साठतात तसेच हे.

अंबरपेठेत आमचा पाणी तापवायच्या रॉडचा कारखाना होता. मी टेस्टिंगला. शाळेत कधी गेलो नाही. मराठी वाचायला मोठेपणी शिकलो, इंग्रजी अक्षर आजही कळत नाही. पण वडिलांनी पावकी-निमकीचे पाढे पाठ करून घेतले होते, त्यावर आमचे जुने फोरमन रहीमचाचा खूश. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि सांगितलं, "व्होल्ट को अँपिअर से भाग दे, ओहम आता. गुणा कर, वॉट आता. इतनीच पढाई है, बाकी सब फीस है."

अँपिअरचा काटा साडेचारवर थांबला की दोनशेवीस साडेचोक... नाही, असा पाढा नसतो. दोनशेवीस चोक आठशेऐंशी, वर निम्मे एकशेदहा. नऊशे नव्वद. रॉड हजार वॉटचा, पास. त्याच्या टोपीवर माझा लाल ठिपका.

*

मग बाजार खुला झाला. मालकांनी परदेशी कंपनीशी हात मिळवला, काट्याचे मीटर भंगारात गेले आणि आकड्यांचे आले. सोबत नवे इंजिनिअर साहेब आले. हिमायतनगरचे, आपलेच मराठी. बोलायचे छान, मराठी वाचायला दिलं की हसायचे.

आमच्या भागात व्होल्टेज सारखं हलायचं. त्यामुळे मीटरवरचा आकडाही नाचायचा. साहेब म्हणाले, "काका, स्टेबल होऊ द्या, मग लिहा."

मी अर्धा तास थांबलो. शेजारी तार गुंडाळणारा महबूब म्हणाला, "काका, ये ठहरता नै. इससे पहले तुमारी नौकरी ठहर जाती."

*

उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज एकशेऐंशीवर यायचं. साहेबांनी तेव्हाच रॉड लावून बघितला. अँपिअर पावणेचार, वॉट पावणेसातशे.

"काका, हजार लिहिलंय आणि हे पावणेसातशे? तार कमी करा."

मी म्हणालो, "साहेब, भागून बघा. ओहम अठ्ठेचाळीसच येतात. रॉड बरोबर आहे, लाईन कमी आहे. व्होल्ट उतरले की अँपिअरही उतरतात. वॉटला दोन्हीकडून मार बसतो."

"काका, डिग्री कोणाकडे आहे?"

तार कापली. ओहम घटले, एकशेऐंशीवर बरोबर हजार वॉट आले. साहेबांनी चहा पाजला. माल सिकंदराबादच्या व्यापाऱ्याकडे गेला. तिकडे लाईन पूर्ण दोनशेवीस. तेच रॉड तिथे पंधराशे वॉट ओढायला लागले. पंधरा दिवसांत जळके रॉड पोत्यांनी परत आले.

मालकांनी विचारलं, पास कोणी केले? महबूबने एक रॉड उचलून पाहिला, हळूच खाली ठेवला. म्हणाला, "सब पे तुमाराच ठिपका है, काका."

साहेब तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

*

त्यानंतर नोटीस लागली. टेस्टरची लेखी परीक्षा. पास होईल तो बाकावर राहील, नापास होईल त्याने 'स्वेच्छेने' निवृत्त व्हायचं. माझी दोन वर्षं उरली होती. मला ती त्या बाकावरच काढायची होती.

मी साहेबांना विचारलं, "पेपर कोणी मराठीत नाहीतर हिंदीत वाचून दाखवला तर चालेल का? उत्तर मीच सांगेन."

"काका, मला वाईट वाटतं. पण वाचता येणं हासुद्धा परीक्षेचा भाग आहे."

*

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात साहेब कागद घेऊन बाकापाशी आले. कॅल्क्युलेटरचा सेल गेला होता. म्हणाले, "काका, जरा हिशेब सांगता? मोठ्या ऑफिसला पाठवायचेत."

ते एकेक वाचत गेले. दोनशेवीस व्होल्ट, पाच अँपिअर? चव्वेचाळीस ओहम, अकराशे वॉट. असे दहा. तिसरा होता: हजार वॉटचा रॉड एकशेऐंशीवर लावला तर किती वॉट? मी म्हणालो, पावणेसातशेच्या आसपास. साहेब जरा थांबले, मग लिहिलं. जाताना म्हणाले, "थँक्यू काका. तुम्ही आहात म्हणून."

परीक्षेला पेपर समोर आला. दहा प्रश्न, सगळे इंग्रजीत. आकडे ओळखीचे वाटले. पण विचारलंय काय ते कळेना. मी वर नाव लिहिलं, मराठीत, आणि कोरा कागद परत दिला.

चार दिवसांनी बोर्डावर निकाल लागला, शेजारी बरोबर उत्तरांचा कागद. माझ्या नावापुढे शून्य. महबूबला थोडं इंग्रजी यायचं, त्याने मला प्रश्नांसकट ती उत्तरं एकेक करून वाचून दाखवली. तिसऱ्यापाशी अडखळला.

"आठसौ अठरा लिखे, काका. सही है?"

"नाही, ते चुकलंय. एकाच बाजूचा मार धरलाय. ते साहेबांनी बदललं."

"और बाकी के नौ?"

"बाकीचे बरोबर आहेत," मी म्हणालो. "ते माझे आहेत."