दस्त्याचं माप

मुलीच्या नेमबाजीसाठी मी महागडी परदेशी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल मनात पक्की केली होती. परवाना हातात होता. तिच्या मापाचा, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता घडवून मिळेल का, हे विचारायला आम्ही सदाशिव पेठेतल्या एका कारागिरांकडे गेलो.

त्यांनी मुलीला डोळे मिटून एक रिकामी रायफल खांद्याला लावायला सांगितली. गाल कुठे टेकतो ते पाहून पेन्सिलीने खूण केली.

“साधी, स्वस्तातली घ्या ताई. नळी चांगली असली की पुरे. बाकीचं मी घडवतो.”

“म्हणजे आधी स्वस्त घ्यायची आणि मग तुम्हाला पोसायचं?”

ते हसले नाहीत. “महागडी घेतली की पोरीला खेळ सोडता येत नाही.”

मागच्या फळीवर एक जुना दस्ता होता. त्यावर धूळ नव्हती. कोणाचा, असं मी विचारलं.

“माझ्या मुलीचा. घर गहाण टाकून रायफल आणली होती. तिचं मन उडालं, पण सांगायला घाबरली. दोन वर्षं तशीच रेंजवर जात राहिली. आता नागपुरात असते. फोन आईला करते.”

आम्ही स्वस्तातली रायफल ठरवून, दस्त्याचं काम त्यांना सांगून निघालो. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, “आई, आत्ताच सोडलं तर चालेल?”

मी तिच्याकडे नीट पाहिलं. मग फोन काढला आणि दस्ता करू नका, असं कारागिरांना कळवलं. कारणही सांगितलं.

पलीकडे रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बरं झालं ताई,” ते म्हणाले. “तुमच्या मुलीने सांगितलं तरी.”