हंबीररावांचं इन्स्पेक्शन

रहिमतपूरजवळच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला लागल्यापासून चार प्राचार्य आले आणि गेले. कॉलेज मात्र एकाच माणसाच्या हुकमावर चालायचं आणि त्याचा हुद्दा होता शिपायाचा. हंबीरराव सतरा वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून घरी आले. पंधरा दिवस उसाच्या बांधावर बसून बघितलं. ऊस काही सॅल्यूट मारीना. मग आले कॉलेजात.

त्यांच्या घंटेला पोरं जागी व्हायची आणि शिकवणारा मास्तरही. तासाला दोन मिनिटं उशीर झाला की हे दारात उभे. "सर, पोरं फालिन हून बसल्यात. तुमी कुटं हाय?" प्राचार्यांची स्कूटर तिरकी लावलेली दिसली की न बोलता सरळ करायचे आणि प्राचार्य खिडकीतून बघत असतील तर बोलूनही.

स्वतः आठवी नापास. पण लेक दीपमाला आमच्याकडंच एस.वाय.ला. त्या घरातनं कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. वर्गात ती उत्तर द्यायला उठली की बाहेर व्हरांड्यात झाडूचा आवाज बंद पडायचा.

नव्व्याण्णव साली पत्र आलं. बाहेरनं समिती येणार, कॉलेज तपासणार आणि हॉटेलला देतात तसे तारे देणार. संस्थेच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या हापिसानं त्याला शेपूट जोडलं : तारे न मिळाल्यास पदवीचे वर्ग सांगलीला हलवण्यात येतील.

हंबीररावांच्या आईनं, म्हणजे मनुबाईनं, हे ऐकलं आणि निकाल देऊन टाकला. "सांगलीला? एकटी? मी मेल्यावर धाड. फलटणचं स्थळ आलंय, पोरगा मिल्ट्रीत हाय. मांडव घालू आन् मोकळं हू."

आईपुढं हवालदाराची परेड चालत नव्हती. दीपमालाचं कॉलेज राहायचं तर कॉलेजच गावात राहायला पाहिजे, एवढं त्यांना कळलं.

प्राचार्य बावडेकर वाईचे, सज्जन. त्यांनी आठ दिवस दार लावून कॉलेजची ध्येयं आणि उद्दिष्टं लिहिली. कॉलेज अठ्ठावीस वर्षं चाललं होतं, पण कशासाठी चाललंय हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. शेवटी तीन उद्दिष्टं निघाली. एक, ग्रामीण मुलींना गावातच पदवीपर्यंत शिक्षण देणे. दोन, ज्या घरात पुस्तक नाही त्या घरात पुस्तक पोचवणे. तिसऱ्यात 'सर्वांगीण' हा शब्द दोनदा होता, म्हणून ते कुणालाच पाठ होईना.

पाठ करून घ्यायचं काम हंबीररावांनी आपण होऊन अंगावर घेतलं. सकाळी सातला आम्ही सगळे मैदानावर. "उद्दिष्ट नंबर दोन! बोला!" फिजिक्सचे एक सर तिसऱ्यात अडकले, तर त्यांना मैदानाला एक फेरी मारायला लावली. सरांनी मारलीही.

मग चुना आला, गेरू आला. झाडांची बुडं रंगली, दगड रंगले, पाण्याच्या टाकीजवळ झोपणारं कुत्रं शेपटीपुरतं रंगलं. समिती सोमवारी यायची होती. रविवारी ग्रंथपाल शरयूताई सांगलीला घरी गेलेल्या, आणि किल्ल्या हंबीररावांकडं.

सोमवारी सकाळी शरयूताईंनी ग्रंथालय उघडलं आणि त्या दारातच थबकल्या. रोज पोरांच्या हातात असलेली, पाठकणा मोडलेली, सुतानं शिवलेली पुस्तकं गायब. त्यांच्या जागी कपाटात वर्षानुवर्षं कोंडलेले कोरे ग्रंथ उंचीप्रमाणं रांगेत उभे. काहींची पानंही अजून फाडून सुटी केलेली नव्हती.

"हंबीरराव, आवं पुस्तकं कुठायत?" घाईत शरयूताईंची सांगलीची शुद्ध भाषासुद्धा घसरली.

"जाग्यावर हायत ताई. काळजी करू नगा."

"कुठल्या जागेवर?"

तेवढ्यात फाटकात गाडी वाजली आणि हंबीरराव सॅल्यूट ठोकायला पळाले.

समितीच्या प्रमुख होत्या धारवाडच्या हेगडेबाई. साठीच्या, बारीक, पायात कापडी बूट. मराठी कळायचं, बोलायचं थोडं अडखळत. त्यांनी रंगवलेले दगड बघितले, कुत्र्याची शेपटीही बघितली. ग्रंथालयात येऊन देवघेवीचं रजिस्टर मागितलं.

"वर्षात चार हजार पुस्तकं घरी गेली?"

"हो," प्राचार्य अभिमानानं म्हणाले. "उद्दिष्ट क्रमांक दोन."

बाईंनी फळीवरनं एक पुस्तक काढलं. उघडताना ते कराकरा वाजलं. दुसरं काढलं, तेही वाजलं. दहावं काढल्यावर त्यांनी चष्मा उतरवला.

"प्रिन्सिपलसाहेब, ही पुस्तकं कुणी उघडलीपण नाहीत. आणि रजिस्टर म्हणते चार हजार. मग रजिस्टर कधी लिहिलं? काल?"

बावडेकरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. शरयूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं स्वतःच्या हातानं भरलेलं रजिस्टर. दुसऱ्या सभासदानं वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ ओढली. दारात उभ्या हंबीररावांनी ती रेघ बघितली. त्यांची मिशी हलली. ते दोन पावलं पुढं आले आणि टाचा जुळवल्या.

"बाईसायेब, रजिस्टर खरं हाय. गुन्हा माजा हाय. पुस्तकं माज्या गोठ्यात हायत."

"कशात?"

"म्हशीजवळ."

"हंबीरराव!" प्राचार्य ओरडले.

"थांबा सायेब, आता निघालंच हाय तर सगळं निगू द्या. बाईसायेब, पलटणीत इन्स्पेक्शनला झिजलेला बूट दिसला की सात दिवस पाठीवर पिट्टू घेऊन पळवत्यात. म्हून वापरायचा जोड लपवायचा आन् कोरा जोड पुढं ठिवायचा. जनरलसायबालाबी ठावं असतंय. घरीबी पाव्हणा आला की फाटकी वाकळ आत टाकत्यातच की. ती पुस्तकं लय झिजल्याली. मला वाटलं, तुमी बघितली तर आमची लाज जाईल."

हेगडेबाईंनी चष्मा पुन्हा लावला. "गोठा किती लांब?"

"हितंच. जनावरांच्या हाळाच्या पलीकडं."

अशी ती वरात निघाली. पुढं हंबीरराव, मागं समिती, तिच्यामागं हातात रजिस्टर घेतलेल्या शरयूताई, आणि सगळ्यांच्या मागं प्राचार्य, मनातल्या मनात राजीनामा लिहीत.

गोठ्यात दीपमाला शेणाची पाटी उचलत होती. परीक्षकांना बघून ती उडालीच, पण बापाला बघून सावरली. "आबा, काल राती म्या काय म्हनलं हुतं? आं? हे अंगलट येईल म्हनलं हुतं न्हवं?"

"गप. कडबा बाजूला सार."

कडब्यामागं खताच्या मोकळ्या पोत्यांत सहाशे पुस्तकं होती. हेगडेबाईंनी पालथी पाटी घेतली, तिच्यावर बसल्या आणि एकेक पुस्तक काढायला लागल्या. कशावर हळदीची बोटं, कशावर रॉकेलच्या चिमणीची काजळी, कशात एस.टी.चं तिकीट खूण म्हणून. एका कादंबरीच्या समासात लिहिलेलं : "हितपर्यंत वाचलं. म्हस व्याली." अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या सगळ्या खुणा तिसऱ्या प्रकरणात होत्या. चौथ्यापर्यंत अठ्ठावीस वर्षांत कुणी पोचलं नव्हतं.

"तारखा वाचा," बाई म्हणाल्या. शरयूताई रजिस्टरातनं तारीख आणि नाव वाचायच्या, बाई पुस्तकातल्या चिठ्ठीवर बोट ठेवायच्या. पंधरा पुस्तकं जुळली. सोळाव्या नावाला शरयूताई थांबल्या. "दीपमाला, ही दोन पुस्तकं तुझ्या नावावर आहेत. पोत्यात नाहीत."

दीपमालानं बापाकडं बघितलं आणि घरात जाऊन ज्वारीच्या कणगीमागनं दोन पुस्तकं आणली. "आबांनी झिजल्यालं समदं न्ह्यायचं म्हनल्यावर म्याच ठिवली दडवून. वाचून झाली न्हवती माजी."

"तू फितूर झालीस व्हय गं?" हंबीरराव पुटपुटले.

हेगडेबाईंनी तिला विचारलं, "कॉलेज सांगलीला गेलं तर तू जाणार?"

दीपमालानं ओसरीकडं बघितलं. तेवढ्यात ओसरीवरनं मनुबाईनं उत्तर दिलं, "न्हाई जायाची. म्या सांगते की! आन् तुमी कोन वो, सकाळच्या पारी म्हशीपाशी?"

"आये!" हंबीररावांनी कपाळाला हात लावला. मग टोपी काढून हेगडेबाईंसमोर उभे राहिले. ह्या माणसाला बोडक्या डोक्यानं आम्ही पहिल्यांदा बघितलं. "बाईसायेब, ते तिसरं उद्दिष्ट मला काय कळलं न्हाई. दुसरं म्या गोठ्यात घातलं. पन पहिलं ही हुबी हाय तुमच्यापुढं, शेणाच्या हातानं. मला काय शिक्षा द्याची ती द्या, पन तेवढं लिवा."

"असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या.

"लिवून तर बघा."

त्यांनी काय लिहिलं ते दोन महिन्यांनी कळलं. ग्रंथालयाचा वापर 'असाधारण', जतन 'चिंताजनक'. विद्यार्थिनींच्या शिक्षणाबद्दल एक आख्खा परिच्छेद. आणि तीन तारे. हंबीरराव गावभर सांगत फिरले, "तीन तारं म्हंजी कॅप्टन! मी हवालदारच ऱ्हायलो, कॉलेज कॅप्टन झालं."

पदवीचे वर्ग गावातच राहिले. प्राचार्यांनी हंबीररावांना मेमो दिला, कारण द्यावाच लागतो. खुलासा दीपमालानं लिहिला, दोन पानी आणि इतका जोरकस की बावडेकरांनी तो वाचून मलाच विचारलं, हा मेमो आता मागं कसा घ्यायचा?

फलटणचं स्थळ थांबलं नाही. पोरानं तिकडंच कोरेगावची मुलगी केली. मनुबाईनं लेकाशी बोलणं टाकलं. चहा मात्र द्यायची, पण कप असा आदळायची की निम्मा बशीत. हंबीरराव तो निमूट बशीनं प्यायचे आणि शेजारी दीपमाला टी.वाय.चं पुस्तक घेऊन बसलेली असायची.

एकदा म्हातारीला राहवलं नाही. "काय वाचतीस गं एवढं? वाच की मोठ्यानं, आमी काय भैरं हाय का?"

दीपमालानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नेमकं ते अर्थशास्त्राचंच निघालं. अर्ध्या पानातच मनुबाई म्हणाली, "पुरं. मनातच वाच बाई." आणि दुसरा कप भरून लेकापुढं ठेवला. न आदळता.