शिळेवरची सात नावं

एका निवृत्त मास्तरांना मी चोर म्हणून पकडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचा चेहरा मात्र अजून डोळ्यांसमोर येतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी दिल्लीच्या सीमेवरच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. शेतं विकली जात होती, नव्या कॉलन्यांच्या पाट्या लागत होत्या. गावाच्या रस्त्याकडेला इंग्रजांनी बसवलेली एक शिळा होती, सत्तावन्नच्या उठावात मारल्या गेलेल्या त्यांच्या अधिकाऱ्याच्या नावाची. ‘गुलामीची खूण हटवा’ म्हणून काही तरुण धरणं धरून बसले. ‘इतिहास पुसू नका’ म्हणून प्राध्यापक वर्तमानपत्रांत लिहू लागले. एका सकाळी शिळाच नाहीशी झाली.

वरून सारखे फोन. धरण्यातल्या तिघांना चौकशीसाठी आणलं. बाहेर घोषणा देणारी ती पोरं ठाण्यात रडकुंडीला आली. हे काम त्यांचं नाही, असं मला वाटलं. त्यांनी केलं असतं तर गावभर सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी बसथांब्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. शिळा गेली त्या रात्री गावातल्या निवृत्त मास्तरांनी शेजाऱ्याची म्हैसगाडी मागून नेली होती. मी त्यांना बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

“गाडी कशाला नेली होती, मास्टरजी?”

“चारा आणायला.”

“जनावरं तर जमिनीबरोबरच विकलीत ना?”

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग उठले. “चलिए, दिखाता हूँ.”

रिकाम्या गोठ्यात, गोधडीखाली शिळा होती. स्वच्छ धुतलेली. अधिकाऱ्याच्या नावाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की, या गावच्या सात बंडखोरांना फाशी दिली. पुढे सातही नावं. मास्तरांनी चौथ्या नावावर बोट ठेवलं.

“ये मेरे परदादा.” त्यांचे पणजोबा. “घरात त्यांचा कागद नाही, तसबीर नाही. फाशी देणाऱ्यांनीच तेवढं नाव लिहून ठेवलं. एक म्हणतो फोडा, दुसरा म्हणतो ठेवा. खाली वाकून वाचलं कोणी, साहेब?”

मीही वाचलं नव्हतं. माझी जीप रोज तिथूनच जायची.

पंचनामा करावाच लागला. शिळा मालखान्यात, जप्त मुद्देमालाच्या खोलीत, जमा झाली. कोर्टाने मास्तरांना समज देऊन सोडलं. तोवर रस्ता रुंद झाला होता, शिळेची जागा डांबराखाली गेली होती. मास्तर अधूनमधून ठाण्यात येत. मी मालखाना उघडायला सांगे. ते त्या नावावरून हात फिरवत आणि निघून जात. एका हिवाळ्यानंतर आले नाहीत.

तपासात आम्ही माणसाला ‘काय केलंस’ हे आधी विचारतो. त्याचं काय हरवलंय, हे विचारायला मी त्या गोठ्यात शिकलो.

शिळा सापडली त्याच आठवड्यात दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या माझ्या सरकारी क्वार्टरमधून वडिलांना पत्र टाकलं, आपल्या पणजोबांचं नाव काय? साताऱ्याहून कार्ड आलं, ‘मला ठाऊक नाही. आणि विचारावं असं आता कोणी उरलेलं नाही.’