तीन भोंगे आणि अण्णांचा सत्कार

आमच्या कॉलनीत घड्याळाला कुणी विचारत नसे. धरणाखालच्या वीजघराचा भोंगा होता ना! एक भोंगा म्हणजे पाळी बदलली. दोन म्हणजे मोठे साहेब आले. आणि तीन म्हणजे नदीत पाणी सोडलंय, हातातलं टाका आणि टेकडीवर पळा. (वीज बनवणाऱ्या गावात लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून भोंगा हातानं फिरवायचा. हसू नका.)

पुढं वीजघर बंद पडलं. माणसं वसमत, हिंगोली, पार पुण्यापर्यंत पांगली. माझे वडील, अण्णा, तिथले शेवटचे ऑपरेटर. निरोपाचा हार सोडाच, त्यांना शेवटच्या दिवशी चहासुद्धा कुणी पाजला नाही. ते कधी बोलले नाहीत. नुसता भंगारातून आणलेला तो भोंगा पुढ्यात घेऊन दर रविवारी तेल देत बसायचे. मला बघवायचं नाही. म्हणून यंदा जुन्या मैदानावर, नदीकाठी, मी कॉलनीचा मेळावा भरवला आणि अण्णांचा सत्कार ठेवला.

सुरुवात भोंग्यानं करायची, ही कल्पना माझी. (नसते उद्योग सगळे माझेच असतात.)

"एकच वाजव, लांब," नव्या सदऱ्याची बटणं लावत अण्णा म्हणाले. "बराबर?"

"अण्णा, मी शाळेत गणित शिकवते. एकपर्यंत येतं मला!"

प्रमुख पाहुणे शाल उलगडून उभे राहिले. मी स्टेजमागं दांडा फिरवला. भोंगा म्हातारी म्हैस हंबरावी तसा वाजला. इज्जतीचा सवाल! पुन्हा फिरवला. या वेळी सूर लागला, तर माइकवाल्यानं मधेच "हॅलो, हॅलो" करून माती केली. मग मात्र मी पदर खोचला आणि असा फिरवला, असा फिरवला की दांडाच निसटून हातात आला.

मांडवात बोटांवर मोजणी झाली: एक, दोन, तीन! मग शेजारच्या शांताकाकू तोंडातलं भजं सांभाळत उठल्या.

"पाणी सोडलं गं माय!"

झालं! अख्खी कॉलनी टेकडीकडं सुटली. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेले सगळ्यात पुढं! पाहुणे बाहेरगावचे.

"अहो, काहून पळून राहिले सगळे?"

"आधी पळा, मंग सांगतो!"

पाहुणे शालीसकट पळाले. अण्णा तेवढे उलट्या दिशेला, वीजघराकडं धावले. "गेट कुणी उघडलं रे?"

टेकडीवर जुन्या रिवाजानं क्वार्टरांच्या लाईनीवार मोजणी सुरू झाली.

"पहिली लाईन?"

"समदे हायत!"

"दुसरी?"

"समदे हायत! एक पाहुणा जास्तीचा हाय."

तेवढ्यात अण्णा धापा टाकत वर आले. "नदी कोरडी ठणठणीत हाय! गेटला गंज चढलाय. तीन भोंगे दिले कुणी?"

"व्हय, कोण आहे तो नालायक?" सगळ्यात मोठ्यानं मी ओरडले. हात वर करून. त्या हातात दांडा होता.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाच्या एकुलत्या एका सत्काराचा मीच बट्ट्याबोळ केला होता! रडू फुटणार, तेवढ्यात शांताकाकू अण्णांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा भोंगा वाजला की आजबी पाय थांबत न्हाईत बघा. त्याच्यावरच तर आमची लेकरं वाचली."

अण्णांनी डोळे पुसले. पाहुण्यांनी घाम पुसलेली शाल तिथंच त्यांच्या खांद्यावर टाकली. "दोन शब्द बोला!" सगळ्यांनी गलका केला. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा भाषणाला उभे राहिले.

"भोंगा अजून ठणठणीत हाय," ते म्हणाले. "पोरीला तेवढं मोजायला शिकवायचं राहून गेलं."

सगळ्यात जास्त टाळ्या मीच वाजवल्या. किती, ते विचारू नका.